हमिंग बंद, विमान चालू

सबस्टेशनमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस विमानातल्या आवाजाची तक्रार करतो म्हटल्यावर घरात हसं होणारच. "ट्रान्सफॉर्मरच्या मांडीला मांडी लावून आयुष्य काढलंत आणि आता कान दुखतात होय?" असं सौ. म्हणाली, आणि लेकीला फोन करून तेही सांगून टाकलं. पण २०२३ च्या मे महिन्यात मुंबई-दुबई-डॅलस असा प्रवास करून आम्ही लेकीकडे पोचलो, तेव्हा माझं डोकं दोन दिवस भणभणत होतं. जेट लॅग असेल म्हणून सगळ्यांनी विषय सोडला. मी सोडला नाही. पुढच्या खेपेला आवाज मारणारे हेडफोन घेऊन गेलो, त्याची ही गोष्ट.

मी सातारा भागातल्या १३२ केव्हीच्या उपकेंद्रात यंत्रचालक होतो. ट्रान्सफॉर्मरच्या त्या अखंड 'हंऽऽऽ'ला आम्ही हमिंग म्हणतो. वीज सेकंदाला पन्नास सायकलची (म्हणजे हेलकाव्यांची), आतला लोखंडी गाभा दर सायकलला दोनदा ताणतो नि आकसतो, म्हणून आवाज शंभर सायकलचा. दिवस-रात्र तोच सूर. नव्या माणसाला पहिला आठवडा झोप येत नाही, जुन्या माणसाला तो ऐकूच येत नाही. मात्र तो थांबला की रात्रपाळीत डुलकी लागलेला माणूसही ताडकन उठतो (डुलकी लागत नसे, असं लिहायची पद्धत आहे). हमिंग थांबलं म्हणजे ट्रिपिंग, वीज तुटली. आमच्या धंद्यात शांतता ही वाईट बातमी.

मग विमानात काय वेगळं होतं? एक तर कंट्रोल रूमला भिंती असतात, आणि पाळी आठ तासांची. विमानात आपण यार्डातच, म्हणजे उघड्यावर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारीच बसलेलो, आणि दुबई-डॅलस सोळा तास. त्यात आमची सीट पंखाच्या मागे. इंजिनाचा जाड घुमारा आणि बाहेरच्या पत्र्यावरून घासत जाणारी हवा, दोन्ही मिळून तो आवाज होतो. पंखाच्या पुढे बसणाऱ्याला तो बराच कमी लागतो, हे मला नंतर कळलं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं होतं, त्यात ८२ ते ८४ डेसिबल दिसत होतं. मोबाइलचं मीटर काही कॅलिब्रेट केलेलं नव्हे, पण जेटच्या केबिनचा आकडा साधारण ऐंशी ते पंच्याऐंशीच सांगतात, म्हणजे फार चुकत नव्हतं. आता हिशेब बघा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला आठ तासांहून जास्त राहू नये, आणि दर तीन डेसिबल कमी झाले की वेळ दुप्पट. म्हणजे ८२ ला सोळा तास. मी त्या रेघेवर, नाहीतर तिच्या थोडं पलीकडेच बसून अमेरिकेला गेलो होतो. आपल्याकडे कारखान्यांना आठ तासांसाठी नव्वदची मर्यादा आहे. ती वाचून बरं वाटावं की वाईट, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

त्यात भर म्हणजे विमानात वाटतात ते हेडफोन. पातळ स्पंजाचे, कानावर नुसते टेकणारे. इंजिनाच्या आवाजावरून सिनेमातले संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवत वाढवत शेवटच्या काडीपर्यंत नेला. म्हणजे एका गोंगाटावर दुसरा गोंगाट. कंटाळून स्वतःचा इअरफोन लावायला गेलो तर सीटच्या हाताला दोन भोकं. एकात पिन घातली, आवाज फक्त डाव्या कानात. दुसऱ्यात घातली, फक्त उजव्या. रात्रभर एका कानानं सिनेमा पाहिला.

दोन वर्षांनी, २०२५ च्या ऑक्टोबरात परत जायचं ठरलं. तिकिटं काढली त्याच रात्री मी जाहीर केलं की यावेळी ते आवाज मारणारे हेडफोन घेणार. बजेट दहा हजार, वर एक रुपया नाही. पुण्यात आयटीत असलेला पुतण्या म्हणाला, "काका, घ्यायचे तर पंचवीस-तीस हजारांचे घ्या, नाहीतर घेऊच नका." त्याचं चूक नव्हतं, वरच्या दर्जाचे आवाज जास्त दाबतात हे खरंच. पण दोन वर्षांतून दोन विमानप्रवास करणाऱ्या निवृत्त माणसानं तीस हजार डोक्यावर घालून बसायचं म्हणजे झोप आवाजानं नाही, काळजीनं उडेल.

आधी तंत्र समजून घेतलं, आणि ते माझ्या ओळखीचंच निघालं. उलटी फेज! हेडफोनला बारके माईक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतलं सर्किट त्याच आवाजाची उलटी लाट तयार करतं आणि स्पीकरमधून कानात सोडतं. वर जाणाऱ्याला खाली जाणारा भेटला की दोघंही संपतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. पण कानावर घालण्याजोगी वस्तू व्हायला पुढं अर्धं शतक गेलं, आणि त्यात आपल्या बाजूचा एक धागा आहे. बोस ही स्पीकर-हेडफोनची कंपनी काढणारे अमर बोस १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला चालले होते, विमानातले हेडफोन घातले, आणि इंजिनाच्या आवाजात गाणं धड ऐकूच येईना. त्यांनी तिथंच बसून गणित मांडायला घेतलं. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस बंगालचे क्रांतिकारक, इंग्रजांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला १९८९ ला आणि तुमच्या-आमच्यासाठीचा २००० ला. म्हणजे मी विमानात बसून नुसतं चिडत होतो, तेच त्यांनीही केलं होतं, फक्त त्यांना गणित येत होतं.

हे तंत्र कुठं चालतं नि कुठं नाही, ते लाटेच्या लांबीवर आहे. शंभर सायकलची आवाजाची लाट हवेत साडेतीन मीटरच्या आसपास लांब. तिला उलटी लाट भिडवताना इंचभर मागंपुढं झालं तरी बिघडत नाही. चार हजार सायकलची लाट मात्र जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. तिथं इंचभर चुकलं की फेजच जुळत नाही, उलट आवाज वाढायचा. म्हणून इंजिनाचा घुमारा जातो, पण बाळाचं रडणं, भांड्याचा आवाज, शेजाऱ्याच्या गप्पा जात नाहीत. ते वरचे आवाज अडवायचे तर कानावरची गादीच घट्ट बसायला हवी, तिथं विजेचं काम नाही. हे ज्याला कळलं त्याची निम्मी खरेदी झाली.

मला कळलं होतं, तरी फसलो. ऑनलाइन अठराशे नव्व्याण्णवला एक हेडफोन दिसला. खोक्यावर हे मोठ्ठं 'ईएनसी'. मी वाचलं 'एएनसी', म्हणजे त्या उलट्या लाटेच्या तंत्राचं नाव. आला, घातला, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून खाली उभा राहिलो. फॅन घुमतोय तसा घुमतोय. तासभर बटण शोधत होतो. बटण नव्हतंच. ईएनसी म्हणजे आपण फोनवर बोलताना आपल्या मागचा गोंगाट समोरच्याला कमी ऐकू यावा याची सोय. म्हणजे फायदा समोरच्याचा, पैसे माझे. कंपनीचं नाव घेत नाही, खोक्यावर खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, फक्त कुठलं अक्षर मोठं छापायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. तो हेडफोन आता शेजारच्या मुलाकडे आहे, ऑनलाइन क्लासला चांगला चालतो म्हणतात.

दुसरी गंमत डेसिबलच्या आकड्यांची. एका खोक्यावर ३२, दुसऱ्यावर ४२, तिसऱ्यावर ४५. दहा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची शक्ती दहावा हिस्सा, कानाला साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. त्या मानानं ४५ म्हणजे स्मशानशांतता व्हायला हवी. पण हा आकडा कुठल्या सुराला? एखाद्या ठिकाणी ४५ दबत असेल आणि त्याच्या आजूबाजूला पंधरासुद्धा नसेल, तरी छापायचा ४५ च. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर एमव्हीए, म्हणजे त्याची क्षमता, लिहिलेलं असतं, ते कसं मोजायचं याचं ठरलेलं मानक असतं. इथं खोक्यावर कंपनीनं काढलेला सगळ्यात चांगला आकडा. त्या दिवसापासून मी खोक्यावरचे डेसिबल वाचणं बंद केलं.

पुतण्यानं त्याचे कानात घालायचे छोटे इअरबड्स चार दिवस वापरायला दिले. ते घालून सातारा-स्वारगेट एसटीनं गेलो. इंजिनाची घरघर खरंच विरून गेली, राहिला तो खिडक्यांचा खडखडाट आणि कंडक्टरचा पंच. आवडले मला. पण तीन अडचणी. एएनसी चालू ठेवून बॅटरी पाच-सहा तास, मग डबीत घालून चार्ज करा, म्हणजे सोळा तासांत दोन-तीनदा मध्येच उघडा कान. दुसरं, विमानाच्या पडद्याला ते जोडायचे तर वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर घ्यावा लागतो, बहुतेक सीटला ब्लूटूथ नसतंच. आणि तिसरं, शिरवळच्या आसपास एक बड कानातून सुटून सीटखाली गेला. समोरच्या बाईंनी पाय उचलले, मागच्या काकांनी मोबाइलचा टॉर्च लावला, अर्ध्या एसटीनं शोधला. विमानात अंधारात हे करायची माझी तयारी नव्हती. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी मात्र तेच बरे, हे सांगून ठेवतो, मोठ्या हेडफोनवर कूस बदलता येत नाही.

मग ठरलं, पूर्ण कान झाकणारेच घ्यायचे, आणि दुकानात जाऊन, डोक्यावर घालून. पुण्यात एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानात एसी चालू, फरशी चकाचक, आवाजच नाही. आवाज नसलेल्या जागी आवाज मारणारं यंत्र काय तपासणार? तिथल्या मुलाला म्हटलं, "बाळा, तो समोरचा साउंडबार चालू आहे ना? त्याच्यावर यूट्यूबवरून विमानाच्या केबिनचा आवाज लाव." तो आधी हसला. मग लावला, आणि मी म्हटलं, "अजून वाढव." दुकानभर विमान सुरू झालं. टीव्ही बघायला आलेलं एक जोडपं वर छताकडे बघायला लागलं.

त्या आवाजात मी पाठोपाठ चार हेडफोन घातले. आणि इथं मला ती गोष्ट कळली जी कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नव्हती. माझा चष्मा. चष्म्याची काडी कानावरून जाते तिथं गादी आणि डोकं यांच्यात बारीकशी फट राहते. पहिला हेडफोन घातला, आवाज छान दबला. मग लक्षात आलं, घालताना मी चष्मा काढून हातात धरला होता. चष्मा लावून परत घातला, तर तळाचा घुमारा निम्मा परत आत. खालच्या सुराला एवढीशी फट पुरते, गोठ्याच्या दाराखालून थंडी शिरते तशी. गादी कडक असेल तर फट मोठी, मऊ आणि जाड असेल तर ती काडीभोवती बसते. एकाची पकड इतकी जबरी होती की फट राहिली नाही, पण दहा मिनिटांत काड्या कानशिलात रुतल्या. दुसरा कानावर टेकणारा, कान आत न घेणारा, तो घालून पाळीच काय, चहासुद्धा पुरा होणार नाही. मुलगा म्हणाला, "सर, याचा बास बघा." मी म्हटलं, "बास नको, मला माझा चष्मा बघायचाय."

चारपैकी एक राहिला, सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन. वजन १९२ ग्रॅम, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढं. एएनसी लावून पस्तीस तास बॅटरी चालते असं कंपनी सांगते, म्हणजे साताऱ्यातून निघून डॅलसच्या दारात पोचेपर्यंत चार्जरची आठवण नको. वायर लावायची जागा आहे, आणि वायर लावून, बटण चालू ठेवून आवाज दबतो का तेही तिथंच पाहिलं. दबतो. इतरांपेक्षा आवाज सगळ्यात जास्त तोच मारत होता का? नाही. पुतण्याच्या मित्राचे तीस हजारवाले मी नंतर घालून पाहिले, फरक कळतो, विशेषतः वरच्या 'श्श्श्'मध्ये. पण चष्म्यासकट चाळीस मिनिटं घालून बसलो तरी डोक्यावर काही आहे हे विसरायला झालं, तो हा एकच. हो, चाळीस मिनिटं. दुकानातल्या सोफ्यावर बसून. शेवटी मुलानंच पाणी आणून दिलं. आठ हजार नऊशे नव्वदला सौदा झाला.

तिथून चालत तपकीर गल्लीत. विजेच्या सामानासाठी तीस वर्षं मी तिथं जातोय, पासोड्या विठोबाला बाहेरूनच हात जोडायचे आणि आत शिरायचं. दोन पिनांचा विमानाचा ॲडॅप्टर मागितला, तर पहिल्या दुकानदाराला कळेना, दुसऱ्यानं न बोलता डबा पुढे केला. दीडशे रुपये. डावा एका पिनेत, उजवा दुसरीत, आणि दोन्ही एकत्र करून एका भोकात. मागच्या वेळी रात्रभर एका कानानं सिनेमा पाहण्याचं कारण या दीडशे रुपयांच्या तुकड्यात होतं.

घरी आल्यावर मनात एक शंका उभी राहिली. रात्री झोपताना मी मारवा नाहीतर दरबारी लावतो. हे यंत्र अखंड, खालच्या, न बदलणाऱ्या सुराला खातं ना? मग तंबोरा म्हणजे दुसरं काय? हे माझा तंबोरा खाणार की काय! लगेच लावून पाहिलं. तंबोरा जागच्या जागी, उलट खर्जाच्या तारेची जवार इतकी स्वच्छ मी कधी ऐकली नव्हती. विचार केल्यावर उलगडलं. स्पीकरला आपण काय पाठवतोय हे सर्किटला ठाऊक असतं, तेवढं वगळून बाहेरून जे जादा येतं त्यालाच ते मारतं. कुणी खरोखर शेजारी तंबोरा घेऊन बसला, तर मात्र त्याची खर्जाची तार दबेल. घरचा चोर आणि बाहेरचा चोर यातला फरक त्याला बरोबर कळतो.

आणि मग ती गोष्ट, जी करायची नव्हती पण केल्याशिवाय राहवलं नाही. एका संध्याकाळी स्कूटर काढली आणि जुन्या सबस्टेशनच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आत जायचं नव्हतंच, यार्डात कान झाकून फिरणं म्हणजे मरणाला बोलावणं, हे मी स्वतः पोरांना शिकवलंय. कुंपणापलीकडे पन्नास एमव्हीएचा तो ट्रान्सफॉर्मर, माझ्या हयातीत बसवलेला. हमिंग रस्त्यापर्यंत येत होतं. हेडफोन घातले. अजून थोडं ऐकू येत होतं. बटण दाबलं.

हमिंग गेलं.

पोटात एकदम खड्डा पडला. नजर आपोआप कंट्रोल रूमच्या खिडकीकडे गेली, दिवे आहेत का बघायला. उजवा हात वर उचललेला होता, कशासाठी ते सांगता येणार नाही, बहुधा फोनसाठी. मग गेटवरचा ओळखीचा गार्ड बाहेर आला, तो काहीतरी विचारत होता, ओठ दिसत होते. हेडफोन काढले आणि हमिंग परत आलं, जसं काही घडलंच नव्हतं. "साहेब, काय झालं?" म्हणाला. मी म्हटलं, "काही नाही, लाइन आहे ना?" तो म्हणाला, "आहे की!"

घरी हे सांगितलं तर सौ. म्हणाली, "म्हणजे चालतंय तर. आता एक करा, तुमच्या घोरण्यावर काही मिळतं का बघा." घोरणं खालच्या सुरातलंच असतं, थोडं दबेल, पण ते एकसारखं नसतं, मध्येच शिट्टी येते, ती नाही दबणार, असं मी समजावून सांगायला लागलो. तिनं मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणले होते. पिवळे, बोटानं पिळून कानात घालायचे, आतल्या आत फुगतात. दोन जोड्या चाळीस रुपये.

आता प्रवासाचं. मुंबईहून निघताना एअर होस्टेसनं टेकऑफला हेडफोन काढायला लावले, ते मोठे असल्यामुळं. ठीक आहे. दुबईपर्यंत फारसं काही वाटलं नाही, तीनच तास. खरी परीक्षा पुढची. यावेळी पुतण्यानं सीट पंखाच्या पुढच्या निवडून दिल्या होत्या, म्हणजे दोन औषधं एकदम घेतली, गुण कुठल्याला आला ते सांगणं अवघड. पण विमान वर स्थिर झाल्यावर बटण दाबलं तेव्हाचा फरक त्या बटणाचाच होता. जड गोधडी अंगावरून कुणी ओढून घ्यावी तसं झालं. इतका वेळ मी दात आवळून बसलो होतो हे तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी, हसू नका, पोटात तोच खड्डा. इंजिन गेलं! तीस-पस्तीस हजार फुटांवर शांतता! हेडफोन एका कानावरून सरकवला. इंजिन आपलं काम करत होतं.

दोन-तीन गोष्टी तिथंच शिकलो. डोक्यावरचा हवेचा झोत हेडफोनच्या माईकवर आला की कानात फरफर होते, मला वाटलं वस्तू बिघडली, झोत वळवल्यावर थांबली. मागच्या रांगेत एक बाळ होतं. ते पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू यायला लागलं, कारण त्याला झाकणारी घरघरच गेली होती! त्यावर उपाय एकच, गाणं लावा, आणि ते मागच्या वेळच्या निम्म्या आवाजात पुरतं. सिनेमाही निम्म्यात पुरला, दोन्ही कानांनी. मानेची उशी आणि हेडफोन यांचं मात्र जमत नाही, उशी गादीला ढकलते, फट पडते, घुमारा आत. मी उशी पाठीला लावली. आणि उतरताना कानात दडे बसले ते बसलेच. ते हवेच्या दाबाचं काम, त्याला अजूनही लिमलेटची गोळीच.

सौ.नं चाळीस रुपयांचे पिवळे बूच कानात घातले, डोळ्यावर पट्टी ओढली आणि सलग सहा तास झोपली. मी साडेतीन. हे ती आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगते, आणि मला नाकारता येत नाही. झोपेपुरतं म्हणाल तर ती जिंकली. तिला जेवायला उठवताना मात्र खांदा हलवावा लागला, तिनं बूच काढले आणि तिच्या चेहऱ्यावर तो सगळा आवाज एकदम आदळलेला मी पाहिला. "अहो, हे एवढं ओरडतंय होय?" म्हणाली. मी माझे हेडफोन काढून तिच्या डोक्यावर ठेवले. पुढचे दोन तास ते मला परत मिळाले नाहीत.

ते परत मिळाले तेव्हा पडद्यावरच्या नकाशात विमान ग्रीनलंडवर होतं. सगळीकडे अंधार, पट्ट्या ओढलेल्या. मी मारवा लावला होता, अगदी हलका. थोड्या वेळानं डावा कान मोकळा केला, इंजिन ऐकलं, परत झाकला. तासाभरानं परत. तिसऱ्यांदा केलं तेव्हा शेजारून डोळ्यावरची पट्टी वर झाली.

"काय चाललंय मघापासून? दुखतोय का कान?"

"नाही," म्हटलं, "रीडिंग घेतोय."